मुंगसानं, कुत्र्यानं धरलेली कोंबडी वाचवायची कशी: पहिल्या तासापासून जखम भरेपर्यंत

कोंबडीला कुत्र्यानं नाही तं मुंगसानं धरलं, तुम्ही काठी घेऊन धावले, त्यानं सोडलं, अन् कोंबडी अजून जिवंत आहे. आता पुढं काय करायचं, एवढ्यापुरताच हा लेख आहे. आपल्याकडं अशा वेळी बहुतेक घरी दोनच गोष्टी होतात. एक तं "आता ही काही राहत नाही" म्हणून लगेच सुरी काढतात, नाही तं जखमेवर हळद थापून तिला परत त्याच खुराड्यात सोडून देतात अन् तिसऱ्या दिवशी सकाळी ती मेलेली सापडते. मग घरात चर्चा, की लागलं तं काही जास्त नव्हतं, मेली काहून?

मेली याच्यासाठी की कोंबडीच्या बाबतीत दिसणारी मोठी जखम सहसा जीव घेत नाही. पाठीवरचं कातडं सोलून निघालेल्या, आतलं लाल मांस उघडं पडलेल्या कोंबड्या महिना-दीड महिन्यात परत अंड्यावर आलेल्या मी पाहिल्या आहेत. जीव घेते ते पंखाखालचं दाताचं बारीक भोक, जे पिसात कोणाला दिसलंच नाही, अन् दुसरी म्हणजे पहिल्या तासातली आपली घाई. या दोन गोष्टी सांभाळल्या तं अर्धं काम झालं समजा.

आधी बाकीच्या कोंबड्या अन् तुम्ही स्वतः

जखमी कोंबडी उचलायच्या आधी एक मिनिट आजूबाजूला पाहा. मुंगूस लय चिकट जनावर आहे, हाकललं की कुंपणाच्या आड जाऊन बसते अन् तुम्ही आत गेले की परत येते. कुत्र्याचंही तसंच. म्हणून बाकीच्या कोंबड्या आधी आत कोंडा, मोजून घ्या. कमी भरल्या तं तुरीत, पऱ्हाटीत, तणसाच्या ढिगामागं पाहा, घाबरलेली कोंबडी तासन् तास आवाज न करता बसून राहते अन् कित्येकदा तीच जास्त लागलेली असते. अंधारात खुराड्यात हात घालायचा असेल तं टॉर्च मारल्याशिवाय घालू नका, पिल्लं-अंडी ओढायला नागही येतो.

अन् सोडवताना कुत्रं, मांजर किंवा मुंगूस तुम्हाला चावलं, ओरबाडलं, तं कोंबडी राहू द्या बाजूला. वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा अन् त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारा. मुंगसालाही रेबीज होतो, हे लय जणांना माहीत नसते. कोंबडीच्या पिसाला कुत्र्याची लाळ लागलेली राहते म्हणून तिला हाताळताना हातमोजे घाला, नसले तं पन्नीची पिशवी हातात चढवा, अन् हाताला आधीच कापलेलं असेल तं दुसऱ्याला हात लावू द्या.

पहिला अर्धा-पाऊण तास: अंधार, ऊब, शांतता

कोंबडीच्या पाठीमागून जाऊन दुपट्टा किंवा जुना टॉवेल तिच्यावर टाका, डोळे झाकले गेले की ती निम्मी शांत होते. दोन्ही पंख अंगाशी धरून उचला. छाती मात्र आवळू नका. आपल्याला श्वासासाठी जसा छातीखाली पडदा असतो तसा कोंबडीला नसतो, छातीचं हाड पुढं-मागं हललं तरच तिच्या अंगात हवा जाते, त्यामुळं घाबरून घट्ट छातीशी कवटाळलेली कोंबडी तुमच्या हातातच गुदमरू शकते.

एक पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाला जुनं सुती कापड किंवा पोतं, बाजूनं हवेला भोकं. पेपर टाकू नका, पाय सरकतात. खोका घराच्या आतल्या खोलीत, जिथं पोट्टे, टीव्ही, कुत्रं नाही अशा जागी ठेवा. खोका नसला तं डालं झाका अन् वरून चादर टाका, पण डाल्याखाली जमीन थंड असते, पोतं अंथरा.

हे काहून करायचं, तं कोंबडी धक्क्यात असते. तुरा पांढुरका पडतो, पाय हाताला थंड लागतात, डोळे अर्धे मिटतात, श्वास भराभर चालतो. या अवस्थेत तिला धरून पालथी-उताणी करणं, थंड पाण्यानं धुणं, सगळ्या घरानं वाकून पाहणं, यातच कित्येक कोंबड्या जातात अन् दोष जखमेवर जातो. या वेळात फक्त एकच काम करायला परवानगी, ते म्हणजे वाहतं रक्त थांबवणं. बाकी धुणं, तपासणं, औषध, सगळं नंतर.

उबेचं हवामान पाहून ठरवा. हिवाळ्यात, पावसाळी रात्री खोक्याच्या एका कोपऱ्यावर ६० वॅटचा पिवळा बल्ब लावा, एकाच कोपऱ्यावर, म्हणजे गरम वाटलं तं तिला सरकता येते. लाईट गेली तं प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. एलईडी बल्बनं उजेड पडेल, ऊब नाही. पण एप्रिल-मे महिना असेल, अकोला-चंद्रपूरकडं पारा ४५ ला टेकला असेल, तेव्हा बल्बचं नावही घेऊ नका. कोंबडीला घाम येत नाही, तिच्या अंगाचं तापमानच ४१ अंशाच्या आसपास असते, ती फक्त चोच उघडी ठेवून धापा टाकत अंग थंड करते. अशा दिवसात मातीच्या भिंतीची खोली, खिडकीला ओलं बारदान, एवढं बस. कुलरचा झोत सरळ तिच्यावर सोडू नका.

रक्त वाहत असेल तं

दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात साधारण १०० मिलीच्या आसपास रक्त असते. त्यातलं २०-२५ मिली गेलं तरी तिला जड जाते, म्हणून "थोडंच आहे, थांबेल आपोआप" म्हणत बसू नका. धुतलेलं सुती कापड किंवा गॉज जखमेवर ठेवून बोटानं दाबून धरा, पाच मिनिटं घड्याळ लावून, अन् मधात उचलून पाहू नका. दर वेळी उचललं की जमलेली गुठळी निघते अन् परत पहिल्यापासून सुरू.

आपल्याकडं कापसाची काय कमी, पण जखमेत कापूस कोंबू नका. तंतू चिकटतात अन् नंतर काढताना जखम परत फाटते.

नख तुटलं असेल, चोचीचं टोक गेलं असेल तं तुरटीची पूड दाबा, लगेच थांबते. कॉर्नफ्लोअर चालते, काही नसलं तं गव्हाचं पीठही चालते, पण हे फक्त नख, चोच, तुटलेलं पीस अशा वरच्या जागी. खोल जखमेत पीठ भरलं तं ते आत आंबते. नवीन उगवत असलेल्या पिसाच्या नळीत रक्त असते, असं पीस मधात तुटलं की टपटप रक्त गळत राहते. त्यालाही पूड लावून मुळाशी चिमटीत दाबून धरा.

पाणी आधी, दाणा नंतर

कोंबडी डोकं वर धरायला लागली, डोळे उघडे ठेवायला लागली की पाणी. मेडिकलमधलं ओआरएस सांगितल्याप्रमाणं १ लिटर पाण्यात घोळा, नसेल तं उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ चहाचे चमचे सपाट साखर अन् अर्धा चमचा मीठ. मिठाचा अंदाजपंचे नको, जास्त मिठानं कोंबडी मरते.

चोच उघडून पाणी ओतायचं नाही. हे मी जोर देऊन सांगतो कारण आपल्या घरातली मोठी माणसं नेमकं हेच करतात, चमच्यानं घशात ओततात. कोंबडीची श्वासनळी जिभेच्या मागंच उघडते, ओतलेलं पाणी सरळ तिच्यात जाते. बोट पाण्यात बुडवून चोचीच्या कडेला थेंब लावा, ती चोच हलवून गिळेल, मग दुसरा थेंब. थोड्या वेळानं वाटीत चोचीचं फक्त टोक बुडवा, नाकपुड्या नाही, अन् मग ती स्वतः प्याली की तुमची निम्मी काळजी मिटली.

दाण्याची घाई नाही. उभी राहीपर्यंत दाणा दिला नाही तरी चालते.

आता तपासा, पीस न् पीस बाजूला करून

हे काम दोघांचं आहे. एकानं टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरायचं, डोकं झाकलेलं, अन् जो भाग पाहायचा तेवढाच उघडा करायचा. दुसऱ्यानं मोबाईलचा टॉर्च अन् ओलं बोट घेऊन बसायचं. ओलं याच्यासाठी की ओल्या बोटानं पिसं बाजूला होतात अन् कातडं दिसते, कोरड्यानं ती परत मिटतात.

डोक्यापासून सुरू करा. डोळे, कान, तुऱ्याचं मूळ, मग मान सगळीकडून, कारण मुंगूस अन् रानमांजर पहिले मानेलाच धरतात. मग पाठ, दोन्ही पंख उघडून त्यांच्याखाली, छाती, पोट, शेपटीचं मूळ, गुदद्वार, मांड्या. दाताची भोकं सहसा जोडीनं असतात. एका बाजूला सापडलं तं पलीकडच्या बाजूला तेवढ्याच उंचीवर पाहा, वरचा जबडा एकीकडं लागला तं खालचा दुसरीकडं लागलेला असतोच. भोकाभोवती पिसं लाळेनं किंवा रक्तानं चिकटून टोकदार झालेली असतात, नजर तिथं टाका. सापडलेल्या प्रत्येक जागेचा मोबाईलवर फोटो काढा, उद्या सूज वाढली की कमी झाली हे कळायला अन् डॉक्टरला पाठवायला तोच कामी येते.

काही गोष्टी दिसल्या तं घरी खटपट करत बसू नका, सरळ डॉक्टर. मानेखाली छातीच्या उजव्या बाजूला पोटडी असते, दाणा साठते ती. तिथल्या जखमेतून दाणे, पाणी बाहेर येत असेल तं पोटडी फाटली आहे, ती शिवावीच लागते. पोटातून आतडं बाहेर आलं असेल तं आत ढकलू नका, मिठाच्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड ठेवून तसंच न्या. कातड्याखाली हवा भरून अंग फुगलं असेल, दाबल्यावर कुरकुर आवाज येत असेल तं आतली हवेची पिशवी फाटली आहे. हे दिसायला भयंकर दिसते पण बाकी कोंबडी बरी असेल, श्वास नीट असेल तं काही दिवसात आपोआप बसूही शकते. तरी डॉक्टरला दाखवाच.

डोळ्यावर जखम असेल तं फक्त मिठाच्या पाण्यानं धुवा. डोळा गेला तरी गावरान कोंबडी एका डोळ्यानं मजेत जगते.

धुणं

अख्ख्या उपचारात सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, अन् सगळ्यात जास्त कंटाळा याचाच केला जातो. मेडिकलमध्ये सलाईनची एनएस लिहिलेली ५०० मिलीची बाटली मिळते, ती सगळ्यात चांगली. नसेल तं १ लिटर पाणी उकळा, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे दीड चहाचा चमचा सपाट, अन् कोमट होऊ द्या. २० मिलीची सिरिंज घ्या अन् धार जखमेवर मारा. नुसतं ओल्या कापडानं पुसून काही होत नाही, माती, पिसाचे तुकडे, लाळ हे धारेनंच बाहेर येते. एका मोठ्या जखमेला पाच-सहा सिरिंज तरी लागतात, पाणी स्वच्छ बाहेर येईपर्यंत.

धुवायच्या आधी जखमेच्या कडेची पिसं कात्रीनं कापा, उपटू नका. तिथलं कातडं आधीच फाटलेलं असते, पीस ओढलं की चीर वाढते. कापलेली पिसं लगेच येत नाहीत, पुढच्या पीसगळीपर्यंत ती जागा उघडी दिसेल, त्याचं काही नाही.

एक सावधगिरी. पंखाच्या खांद्याजवळचं मोठं हाड पोकळ असते अन् त्याची हवेची वाट सरळ फुप्फुसाकडं जाते. ते हाड मोडून बाहेर आलं असेल तं त्या जखमेत पाण्याची धार मारायची नाही, कोंबडी आतून बुडते. तसंच छाती-पोटात आरपार गेलेल्या भोकात धार मारू नका, बाहेरून ओल्या गॉजनं पुसा.

धुतल्यावर बीटाडीन. बाटलीतलं जसंच्या तसं ओतायचं नाही, मिठाच्याच पाण्यात टाकून फिकट कोऱ्या चहासारखा रंग होईल एवढं पातळ करा अन् शेवटची एक-दोन धार त्याची मारा. भोकं असतील तं त्यांची तोंडं मोकळी ठेवा. वरून खपली धरली अन् आत घाण राहिली तं तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथं गोळा तयार होतो, म्हणून पहिले काही दिवस भोकावरची खपली रोज भिजवून काढायची अन् परत धुवायचं.

शिवायच्या भानगडीत घरी पडू नका. चाव्याची जखम ही घाणेरडी जखम, तोंड बंद केलं की जंतू आत कोंडले जातात. सुई-दोऱ्यानं शिवणारे आहेत, फेविक्विक लावणारेही आहेत. नका करू. कोंबडीचं कातडं उघडं ठेवलं तरी कडेकडेनं सरकत भरून येते, तुमचा विश्वास बसणार नाही इतकं.

काय लावायचं अन् काय अजिबात नाही

धुऊन कोरड्या झालेल्या उथळ जखमेवर बीटाडीनचं मलम किंवा भाजल्यावर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं क्रीम पातळ लावा. थापू नका, तेलकट मलमानं पिसं चिकटतात अन् हिवाळ्यात कोंबडी गारठते. मोठं कातडं गेलेलं असेल तं ती जागा कोरडी पडू द्यायची नाही, ओलसर राहिली तं लवकर भरते. याला खरा मध लय चांगला. मेळघाटातला कोणी ओळखीचा आणून देत असेल तं तोच घ्या, साखरेचा पाक नको. मधावर गॉज अन् मायक्रोपोर टेप मात्र पाहिजेच, नाही तं मुंगळे कोंबडीला सकाळपर्यंत सोडणार नाहीत.

हळदीचं विचाराल तं खरचटलेल्या जागी लावा, कोणी अडवत नाही. खोल भोकात हळद-तेलाचा गोळा भरू नका, एवढंच.

आता न लावायच्या गोष्टी. फिनाईल, रॉकेल, गाडीचं जळालेलं ऑइल, चुना, तंबाखू, बॅटरीची काळी पूड, हे सगळं गावात कोणी ना कोणी सुचवतेच, अन् सुचवणारा वयानं मोठा असतो म्हणून आपण गप्प बसतो. स्पिरिट अन् न पातळ केलेलं डेटॉल जिवंत मांस जाळते. सुन्न करायची ट्यूब, म्हणजे जिच्यावर लिग्नोकेन किंवा बेंझोकेन लिहिलेलं असते, ती पक्ष्याला थोड्या मात्रेतही बाधू शकते. खाजेच्या, गजकर्णाच्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड असते, त्यानं जखम भरायची थांबते.

अन् दुखते म्हणून घरातली दुखण्याची गोळी कुटून देऊ नका. विशेषतः डायक्लोफेनॅक. हे औषध जनावरांसाठी वापरायला भारतात २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेली मेलेली ढोरं खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मेली, आपल्या डोळ्यादेखत आभाळातून गिधाडं गेली ती यानंच. कोंबडीलाही ते घातकच आहे. कोंबडीला चालणारं दुखण्यावरचं औषध आहे, पण ते अन् त्याची मात्रा डॉक्टरनंच वजन पाहून ठरवायची.

डॉक्टर कधी अन् कुठला

कुत्रं किंवा मांजर चावलं असेल, आत गेलेलं भोक असेल, तं अँटिबायोटिक लागतेच असं धरून चाला. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचा जंतू असतो, कोंबडीच्या कॉलऱ्याचाच सख्खा. तो रक्तात पसरला तं कोंबडी संध्याकाळी दाणे टिपताना दिसते अन् दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान टाकते. म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी विचारा.

गावाजवळचा ढोरांचा दवाखाना आधी. तिथं कोंबडी घेऊन गेलं तं लोक हसतात, हसू द्या. १९६२ हा टोल फ्री नंबर फिरत्या पशुवैद्यकीय गाडीसाठी आहे, तालुक्याला गाडी असेल तं दारात येते. नागपूरकडच्यांना सेमिनरी हिल्सचं व्हेटरनरी कॉलेज आहे, अकोल्याला पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, मोडलेलं हाड, फाटलेली पोटडी अशा कामाला तिथं नेलेलं बरं. मेडिकलवाल्याच्या सल्ल्यानं माणसाची कॅप्सूल अर्धी करून देणं बंद करा, अर्धवट डोसानं जंतू मरत नाही, निबर होतो. अन् डॉक्टरनं औषध दिलं की तेव्हाच विचारून घ्या की अंडी किती दिवस खायची नाहीत. तेवढे दिवस ती अंडी घरात नाही अन् बाजारातही नाही.

मोडलेला पंख, मोडलेला पाय

पंख खाली लोंबत असेल तं त्याला नेहमीच्या स्थितीत घडी घालून अंगाशी क्रेप बँडेजनं बांधा, पट्टी दुसऱ्या पंखाच्या खालून न्या म्हणजे तो मोकळा राहते. परत तेच, छाती आवळायची नाही, पट्टीखाली बोट सहज गेलं पाहिजे. बांधल्यावर पाच मिनिटं पाहा, चोच उघडून श्वास घ्यायला लागली तं सैल करा.

पायाच्या नळीचं हाड मोडलं असेल तं बांबूच्या दोन पातळ कामट्या किंवा आईस्क्रीमच्या काड्या, आधी गॉजचा थर, मग कामट्या, मग टेप. दुसऱ्या दिवशी पंजा सुजला, थंड पडला तं पट्टी घट्ट झाली. पक्ष्याचं हाड लवकर जुळते, तीनेक आठवड्यात. मांडीचं हाड घरी बांधून जुळत नाही, तिथं पट्टीची लटपट करू नका.

पावसाळ्यात किडे पडतात, ते पाहा

जून ते ऑक्टोबर हा खरा धोका. उघड्या जखमेवर माशीनं अंडी घातली की एका दिवसात किडे होतात, अन् कोंबडीच्या पिसाखाली ते कोणाला दिसत नाहीत. पहिले वास येतो, गोडसर कुजका. म्हणून या दिवसात जखमी कोंबडी मच्छरदाणीतच ठेवा, लहान पोरांवर झाकायची घडीची मच्छरदाणी खोक्यावर बरोबर बसते. जखम सकाळ-संध्याकाळ उजेडात पाहायची. पिसावर तांदळाच्या कण्याएवढे पांढरे पुंजके दिसले तं ती अंडी, पिसासकट कापून टाका.

किडे पडलेच तं चिमट्यानं एकेक काढा, कोमट मिठाच्या पाण्याची धार मारा, थांबा, आतले वर येतात, परत काढा. तासाभरानं परत पाहा, उद्या परत. बैलाच्या जखमेत सीताफळाचा पाला ठेचून भरतात, टर्पेंटाईन टाकतात, पण बैल ४०० किलोचा अन् कोंबडी दीड किलोची. टर्पेंटाईन तिच्या कातड्यातून अंगात जाते. हातानंच काढा, वेळ लागते, घरातल्या कोणाच्या पोटात ढवळते, पण तेवढंच बिनधोक आहे.

खाणं, अन् पुढच्या दिवसात काय दिसेल

पहिल्या दिवशी उकडलेलं अंडं कुस्करून द्या, कोंबडीला कोंबडीचं अंडं देता म्हणून कोणी नाक मुरडलं तरी द्या, कातडं भरायला प्रोटीन लागते. सोबत तांदळाच्या कणकीचा मऊ भात, भिजवलेली ज्वारीची भरड, लेअर फीड मिळत असेल तं ते पाण्यात भिजवून. आपल्याकडं घरोघरी सोयाबीन असते, पण कच्चं देऊ नका, ते पचत नाही उलट नुकसान करते, भाजून भरडलेलं चालेल. विष्ठा एकदम पातळ हिरवी येत असेल तं समजा खाल्लेलं काहीच नाही, फक्त पित्त बाहेर पडून राहिलं.

दोन-तीन दिवसांनी जखमेच्या भोवती कातडं हिरवं पडते. इथं लोक घाबरतात, म्हणतात सडली. ते सडणं नाही. आपल्याला मार लागला की काळं-निळं होते, कोंबडीचं रक्त जिरताना हिरवं होते, बस. सडलेला भाग काळा, थंड अन् वासाचा असतो, तो ओळखू येते. दुसरं, कोंबडीचा पू पातळ नसतो. घट्ट पिवळा, चुरा होणारा गोळा असतो. त्यामुळं दाबून काढू असं म्हणाल तं काहीच येणार नाही, वरवर सुटलेला असेल तं चिमट्यानं अलगद उचला, आत रुतलेला डॉक्टर काढेल.

अंडी बंद होतील. काही आठवडे, कधी त्याहून जास्त, शिवाय धसक्यानं पीसगळही सुरू होते. तेवढ्यावरून कोंबडी बाद झाली असं समजून तिला विकू नका. मान एकाएकी वाकडी झाली, गोल-गोल फिरायला लागली तं मात्र नुसती जखम समजू नका, मानेला मार असू शकते तसा रानीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोगही असू शकते, अन् एका पक्ष्यापासून तो सगळ्या कळपात जातो. अन् अंगावर एकही जखम नसताना दोन-चार पक्षी एकदम मेले असतील तं मुंगसावर ढकलून मोकळे होऊ नका, दवाखान्यात कळवा. २०२४ च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी केंद्रात बर्ड फ्लूनं ३ वाघ अन् १ बिबट दगावला, म्हणून मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा नाल्यात फेकायची नाही, चुना टाकून खोल पुरायची.

हालातून कधी सोडवायचं

आतडं फाटलेलं, तोंड उघडून शेवटचे श्वास चाललेले, किंवा पाठीचा मणका मोडलेला, तेव्हा तिला ओढत ठेवणं म्हणजे हाल. मणक्याचं लगेच ठरवू नका. दोन्ही पाय मागं ताणलेले असतील तरी कधी आतली सूज असते अन् ती दोन-तीन दिवसात उतरते. पायाचं बोट जोरात दाबा अन् पायाकडं नाही, तोंडाकडं पाहा. ती ओरडली, वळून पाहिलं तं आशा आहे. पाय नुसता आखडला याला काही अर्थ नाही. चार दिवसांनीही काहीच कळत नसेल तं घरातल्या सराईत हातानं एका झटक्यात संपवावं. औषध दिलेली असेल तं खायची नाही, पुरायची.

कळपात परत

कोंबड्या लाल रंगावर चोच मारतातच, अन् एकदा रक्ताची चटक लागली की जखमी कोंबडीला तिच्याच बहिणी जिवंत खातात. म्हणून जखमेवर कोरडं कातडं येईपर्यंत वेगळी. पण लय दूरही नाही, जाळीच्या आड, बाकीच्यांना दिसेल अशी ठेवा, नाही तं महिन्याभरानं तिला परकी समजून परत मार बसतो. सोडायची ती रात्री, सगळ्या आढ्यावर बसल्या की तिला मधात नेऊन बसवायचं, अन् सकाळी उजाडायच्या आत स्वतः तिथं हजर राहायचं. सोबत एखादी गरीब स्वभावाची कोंबडी आधी दोन दिवस तिच्या पिंजऱ्यात ठेवली तं अजून सोपं जाते.

खुराडं

कोण आलं होतं हे वेळेवरून कळते. भर दिवसा मान फोडून रक्त सांडून गेलं तं मुंगूस, ते रात्री फिरत नाही. रात्री-पहाटे अख्खी कोंबडीच गायब, थोडी पिसं मागं, तं रानमांजर किंवा कोल्हा. इकडं-तिकडं फाडून टाकलेल्या, खाल्लेली एकही नाही, तं गावातलं कुत्रं. यातलं रानमांजर, मुंगूस, कोल्हा सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. फासा, इलेक्ट्रिकची तार, विष लावलेलं मांस, काही लावू नका, गुन्हाही होते अन् ते मांस पहिले तुमचाच कुत्रा खातो.

षटकोनी कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवायला आहे, जनावर बाहेर ठेवायला नाही, कुत्रं ती दातानं फाडते. खालचे तीन फूट तरी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, जमिनीत फूटभर गाडा अन् कडेनं दगड रचा, कारण मुंगूस उकरून येते. दोन बोटांपेक्षा मोठी फट सोडू नका. कडी वरून सरकणारी नको, अडकवायची पाहिजे. अन् हे काम कोंबडी खोक्यात आहे त्याच दिवशी संध्याकाळच्या आत करा, कारण ज्यानं आज नेली ते उद्या त्याच वेळेला, त्याच भोकातून येते.